केस सोडवताना आधी शाबूत काय ते बघा (शरीररचना, शरीरक्रिया आणि समोरचा पेशंट)

टाचणी

संध्याकाळी क्लिनिक आटोपल्यावर पहिल्या वर्षाची काही मुलं माझ्याकडे शिकायला येतात. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) विचारा, रूट-ट्रंक-डिव्हिजन-कॉर्ड घडाघडा म्हणून दाखवतील. मग मी विचारते, "एकाचं पाऊल वर उचललं जात नाहीये. नस कुठे दबलीय?" की सगळे चिडीचूप. एवढं पाठ असून पेशंट समोर आला की त्यातलं काय वापरायचं ते कळत नाही. म्हणून हा धागा. डॉक्टर, विद्यार्थी, नुसतेच चौकस, सगळ्यांनी लिहा. केसमधले तपशील कोणी ओळखू येणार नाही इतपत बदललेत.

पेशंट फरशी बसवणारा कारागीर, चाळिशी ओलांडलेला. चालताना डावी चप्पल निसटते, जिना चढताना चवडा पायरीला अडकतो. हातात एमआरआयची मोठी पिशवी. रिपोर्टात कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती फुगलेली, त्यामुळे घरच्यांनी कंबरेच्या ऑपरेशनची मनाची तयारी करून ठेवलेली. आता गंमत अशी, की कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यांतल्या बऱ्याच जणांत अशी फुगलेली चकती सापडते. तेव्हा रिपोर्ट खोटा नव्हता, पण आरोपी तोच हेही सिद्ध होत नव्हतं.

पाऊल वर उचलतो तो टिबियालिस अँटेरियर हा स्नायू. त्याला हुकूम पोचवते कॉमन पेरोनियल नसेची खोल शाखा, आणि तिचे धागे येतात मुख्यतः कंबरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या एल-४, एल-५ या मुळांतून. म्हणजे कंबरेत मूळ दबलं तरी पाऊल लटकणार, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे ही नस फिब्युलाच्या (नडगीशेजारचं बारीक हाड) मानेला वळसा घालते, तिथे दबली तरी लटकणार. लटकलेल्या पावलाकडे तासभर टक लावून बसलात तरी फरक कळायचा नाही.

मग करायचं काय? एल-५ वरच चालणारे, पण पेरोनियल नसेशी देणंघेणं नसलेले स्नायू शोधायचे. असे दोन हाताशी आहेत. टिबियालिस पोस्टेरियर पाऊल आत वळवतो, त्याची नस टिबियल. ग्लुटियस मीडियस कुशीवर झोपल्यावर वरचा पाय उचलतो, त्याची नस सुपीरियर ग्लुटियल. दोन्ही दमदार असतील तर एल-५ ला दोष देता येत नाही.

इथे एक खाच आहे. पाऊल लटकलेलं असताना ते आत वळवायला सांगितलं, तर धडधाकट टिबियालिस पोस्टेरियरही दुबळा वाटतो. म्हणून घोटा आपल्या हाताने काटकोनात धरायचा, दुसरा तळवा पावलाच्या आतल्या कडेला लावायचा आणि मग सांगायचं, "माझा हात ढकल." त्याने असा ढकलला की मला स्टुलावर सावरून बसावं लागलं. कुशीवर झोपवून पाय उचलायला लावला, तिथेही जोर पक्का. मग फिब्युलाच्या डोक्याखाली बोटाने टिचकी मारली, तर पावलाच्या पाठीवर करंट गेल्यासारखं झालं. फरशीवाला दिवसभर उकिडवा बसून काम करतो. त्या बसण्यात नस हाड आणि ताणलेले स्नायू यांच्यामध्ये चेपत राहते. पुढे नर्व्ह कंडक्शन तपासणीतही गुडघ्यापाशीच अडथळा दिसला. उकिडवं बसणं बंद, बुटका स्टूल, पावलाला स्प्लिंट आणि व्यायाम. कंबरेला कोणी हात लावला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. काय बिघडलंय ते पेशंट स्वतःच सांगतो. काय शाबूत आहे ते आपण शोधायचं, बिघाडाची जागा त्यावरून ठरते.

फर्स्ट_इयरवाला

ताई, भारी! आम्हाला अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी 'अर्ली क्लिनिकल एक्सपोजर' आहे, २०१९ पासून सगळीकडेच आलंय. पण वॉर्डात आम्ही पन्नास जण एका खाटेभोवती. मागच्या रांगेतून फक्त सलाइनची बाटली दिसते.

एक शंका. टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारून जो अँकल जर्क बघतात, त्याने हा निकाल लागला नसता का?

टाचणी

नसता. अँकल जर्क एस-१ चा, म्हणजे एल-५ च्या खालच्या मुळाचा. एल-५ बिघडो नाहीतर पेरोनियल नस, तो दोन्हीकडे जागेवरच असतो. शाबूत गोष्ट शोधायची ती दोन संशयितांपैकी एकाच्याच हद्दीतली हवी. दोघांच्याही हद्दीबाहेरची शाबूत गोष्ट आपल्या काही कामाची नाही.

कर्वेरोडकर

आमच्या मेव्हण्याला अगदी हेच झालं होतं. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत, उकिडवं बसण्याचा प्रश्नच नाही. पण त्याने डाएट करून झपाट्याने वजन उतरवलं होतं आणि पायावर पाय टाकून बसायची जुनी सवय. डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं की असं होतं. तेव्हा मला ती थाप वाटली होती.

टाचणी

थाप नाही. फिब्युलाच्या मानेपाशी नस कातडीच्या अगदी खाली असते. तिच्याभोवती जी थोडी चरबी असते ती वजनाबरोबर जाते, आणि वर दुसऱ्या गुडघ्याचा दाब. पाय प्लॅस्टरमध्ये असताना प्लॅस्टरची वरची कड तिथे रुतली तरी हेच होतं.

मनमोकळी

मी डॉक्टर वगैरे नाही, पण वाचून राहवलं नाही. आईच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, उठून हात झटकला की बरं वाटतं. एका ठिकाणी 'मानेचा स्पॉन्डिलायटिस' म्हणून मानेला पट्टा दिला. महिनोन्महिने पट्टा लावतेय बिचारी, फरक शून्य. हाताचं दुखणं मानेतून येऊ शकतं हे पटतं, पण मग ओळखायचं कसं?

टाचणी

मनमोकळी, इंटरनेटवरून निदान करणार नाही, पण काय बघायचं ते सांगते. आईंना डोळे मिटायला सांगा. कापसाचा बोळा आधी करंगळीला लावा, मग अनामिकेच्या दोन्ही कडांना वेगवेगळा लावा, आणि शेवटी तळहाताच्या मुळाशी, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर. कुठे बधिर लागतं आणि कुठे नीट कळतं ते लिहा.

मनमोकळी

केलं! करंगळी व्यवस्थित. अनामिकेची करंगळीकडची कड व्यवस्थित, मधल्या बोटाकडची बोथट. आई स्वतःच चकित झाली, "एकाच बोटाच्या दोन बाजू वेगळ्या कशा गं?" अंगठा, तर्जनी, मधलं बोट बोथट. पण अंगठ्याखालच्या उंचवट्यावर नीट कळतंय.

टाचणी

आईंनी नेमका प्रश्न विचारला. अनामिका अर्धी मीडियन नसेची आणि अर्धी अल्नर नसेची. मानेतलं मूळ दबलं तर बधिरपणाची रेघ सहसा अशी बोटाच्या मधोमध पडत नाही. म्हणजे संशय मीडियन नसेवर.

आता ती कुठे दबली? मनगटात एक बोगदा आहे, त्यातून बोटांचे नऊ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) आणि ही एक नस जाते. अंगठ्याखालच्या उंचवट्याची त्वचाही मीडियनच सांभाळते, पण तिथे जाणारी छोटी शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर आधीच फुटते आणि बोगद्याच्या छपरावरून जाते. बोगद्यात कितीही गर्दी होवो, तिला त्रास नाही. बोटं बधिर आणि उंचवटा शाबूत म्हटल्यावर दाब बोगद्यातच असण्याची शक्यता जास्त. उंचवटाही बधिर असता तर मी मनगटाच्या वर कोपराकडे शोधलं असतं.

हाताच्या तज्ज्ञांना किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. थायरॉइड आणि साखर तपासली नसेल तर ती करून घ्या, दोन्हींमध्ये हा त्रास वाढतो. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. मानेचा नाही, मनगटाचा!

भोचक भवानी

आता मी घरातल्या सगळ्यांना डोळे मिटून बसवणार आहे. :)

बादवे, चेहरा वाकडा झाला की कपाळाला आठ्या पडतात का ते बघायचं असं कुठेतरी ऐकलंय. तेही यातलंच का?

रात्रपाळी

यातलंच. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतो, गालाला आणि ओठांना मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. पक्षाघातात एका बाजूचा मेंदू गेला तरी कपाळ दुसऱ्या बाजूच्या जिवावर चालतं, म्हणून ओठ वाकडे पण आठ्या शाबूत. बेल्स पाल्सीत चेहऱ्याची नसच बंद पडते, मग कपाळासकट अख्खी बाजू जाते आणि डोळाही मिटत नाही.

पण मी कॅज्युअल्टीत काम करतो म्हणून हात जोडून सांगतो, घरी आरशासमोर हा खेळ खेळत बसू नका. मेंदूच्या देठात छोटा स्ट्रोक झाला तर कपाळसुद्धा जाऊ शकतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चेहरा अचानक वाकडा झाला की १०८ ला फोन. आठ्या आम्ही मोजतो. बेल्स पाल्सी निघाली तरी फेरा फुकट जात नाही, तिच्यातही स्टेरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेलं बरं.

निवृत्त नाडी

उत्तम धागा. आता एक खुसपट काढतो, पुण्यात राहून एवढं तरी करायलाच हवं.

मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. टाचणीताईंचा नियम नसांना लागू पडतो, कारण नस ही तार आहे, तुटली तिथून पुढे अंधार. पण हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं तारेसारखी वागत नाहीत. एक ढासळू लागलं की बाकीची भरपाई करतात. तिथे एखादी गोष्ट शाबूत दिसली तर मी सुटकेचा नि:श्वास टाकत नाही. ती कोणत्या किमतीवर शाबूत आहे ते विचारतो.

दमा घ्या. तरुण मुलगी, दम्याचा जोराचा झटका, मिनिटाला तीस श्वास. इतक्या वेगाने श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जाऊन कमी व्हायला हवा, ३५ च्या खाली. दोन-तीन तासांनी तपासणी येते आणि आकडा ४०. छापील कागदावर समोर 'नॉर्मल ३५ ते ४५'. नातेवाईक खूश. मी असतो तर तिथून हललो नसतो. जो आकडा ३० असायला हवा तो ४० आहे याचा अर्थ पोरगी दमलीय, हवा पुरेशी आत-बाहेर होत नाहीये. छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली तर आणखी वाईट. हवाच खेळत नाही तर शिट्टी वाजणार कुठून?

टाचणी

सर, खुसपट मान्य. म्हणजे तुमच्याकडे 'शाबूत' हा शब्द अवतरणचिन्हांत.

रात्रपाळी

सरांचा मुद्दा आणि ताईंचा मुद्दा एकाच पेशंटमध्ये भेटलेले बघायचेत? घ्या.

बायपासवर नवले पुलाच्या उतारावर बाइक घसरली. विशीतला मुलगा, हेल्मेट होतं, स्वतः चालत आला. तक्रार एकच, डावा खांदा दुखतोय. बीपी ११६/९२. बरोबरचे मित्र म्हणाले, "खांद्याचा एक्स-रे काढा आणि सोडा."

मी खांदा हलवून बघितला. वर, मागे, गोल, कुठेच दुखेना. दाबूनही दुखेना. एक्स-रे साफ. म्हणजे ताईंच्या नियमाने खांदा शाबूत, दुखणं खांद्याचं नाही. मग त्याला सपाट झोपवलं तर दुखणं वाढलं! तिथे माझ्या पोटात गोळा आला. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. ती फाटून रक्त डायफ्रॅमखाली (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) साचलं की दुखणं डाव्या खांद्याच्या टोकाला जाणवतं. केर नावाच्या जर्मन सर्जनच्या नावाने हे चिन्ह ओळखलं जातं.

आता बीपी. वरचा आकडा ११६ म्हणजे झकास, असं वाटतं. पण नाडी १२२, हात गार, आणि खालचा आकडा ९२. दोन्ही आकड्यांत अंतर फक्त २४. रक्तवाहिन्या आवळून शरीराने वरचा आकडा धरून ठेवला होता. माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि त्यातलं लिटरभर जाईपर्यंत तरुण शरीर वरचं बीपी पडू देत नाही. नंतर पडतं तेव्हा एकदम पडतं. सोनोग्राफीचा प्रोब लावला, प्लीहेभोवती काळा पट्टा. रक्त. मुलगा वाचला, सर्जन वेळेत आले.

फर्स्ट_इयरवाला

अंगावर काटा. पण सर, डायफ्रॅम छाती-पोटाच्या मध्ये आणि त्याची नस मानेतून, सी-३, ४, ५ मधून. 'सी-थ्री-फोर-फाइव्ह' पाठ आहे, पण निसर्गाने एवढ्या लांबून वायरिंग का केलं?

निवृत्त नाडी

लांबून केलेलं नाही. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात डायफ्रॅमचा मुख्य भाग मानेच्याच पातळीला असतो. नस तिथेच जोडली जाते. पुढे गर्भ वाढतो तसा डायफ्रॅम खाली सरकतो आणि नस आपल्याबरोबर ओढत नेतो. खांद्याच्या टोकावरच्या त्वचेची संवेदना सी-३, सी-४ मध्येच जाते. मेंदूला दोन्हीकडचे निरोप एकाच दारातून येतात. आयुष्यभर त्या दारावर खांद्यानेच टकटक केलेली, म्हणून तो खांदाच समजतो.

अपेंडिक्स आधी बेंबीपाशी दुखतं तेही याच घराण्यातलं. त्याच्या संवेदना छातीच्या मणक्यांतल्या टी-१० या मुळाला जातात, आणि बेंबीची त्वचाही टी-१० ची. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की मग दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं. पेशंटला विचारा, "पहिल्यांदा कुठे दुखलं होतं?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

दिवेघाट

डॉक्टर नाही, पालखीच्या वेळी हडपसरच्या पुढे दिवे घाटात आमचा प्रथमोपचाराचा तंबू असतो. सरांचं 'कोणत्या किमतीवर' वाचून एक आजोबा आठवले. चढावर बसले, उठताना कोसळले. आमच्यातला एक जण म्हणाला, "नाडी ६८ आहे, काही नाही, उन्हाने झालं." बरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडायला लावली. बीपीच्या गोळ्या, त्यातली एक बीटा ब्लॉकर, एक लघवी वाढवणारी. त्या म्हणाल्या, सकाळपासून घाम गाळून चढणाऱ्या माणसाची नाडी ६८ असूच कशी शकते?

निवृत्त नाडी

बाईंना माझा नमस्कार सांगा. उभं राहिलं की अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांत उतरतं. मानेतल्या धमनीतले सेन्सर ते ओळखून नाडी वाढवतात, वाहिन्या आवळतात. आजोबांच्या अंगात पाणी कमी होतं आणि गोळीने नाडीला लगाम घातला होता. शरीराने भरपाई मागितली, ती मिळालीच नाही.

मधुमेहातल्या किटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन अपुरं पडून रक्तात आम्ल साचतं) पोटॅशियमही असंच फसवतं. लघवीवाटे भरपूर गेलेलं असतं, पण पेशींतून बाहेर आल्यामुळे रक्तात ठीकठाक दिसतं. इन्सुलिन दिलं की ते पुन्हा पेशींत शिरतं आणि आकडा धाडकन खाली. तेव्हा आधी पोटॅशियम बघायचं, मग इन्सुलिन.

कर्वेरोडकर

सगळं मान्य, पण आता एमआरआय, सीटी, सोनोग्राफी गल्लोगल्ली आहे. टिचक्या आणि कापसाचे बोळे कशाला? सरळ फोटो काढा.

रात्रपाळी

काढतो की. फक्त एक सांगा, फरशीवाल्याचा एमआरआय कंबरेचा काढायचा की गुडघ्याचा, हे मशीन ठरवणार का? त्याचा कंबरेचा काढलेला होताच. बाइकवाल्याचा खांद्याचा एक्स-रेही काढला होता. दोन्ही फोटो सुंदर आले होते.

भोचक भवानी

कर्वेरोडकर, यावर पुणेरी पाटी लावा. :)

अवांतर: हे सगळं मृतदेहावर शिकतात ना? माझ्या सासऱ्यांना देहदान करायचंय. कुठे विचारायचं?

फर्स्ट_इयरवाला

कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. पण मुख्य म्हणजे घरच्यांना माहीत हवं, कारण शेवटी फोन त्यांनीच करायचा असतो. अपघाती मृत्यू, पोस्टमॉर्टेम असेल तर सहसा घेत नाहीत. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, ते झाल्यावरही देहदान करता येतं. पहिल्या दिवशी आम्ही हॉलमध्ये शपथ घेतली तेव्हा कोणीच हसत नव्हतं, एरवी आमची बॅच कशावरही हसते.

टाचणी

चला, धाग्याला जागं ठेवायला एक कोडं. उत्तर फक्त विद्यार्थ्यांनी द्यायचं, रात्रपाळीने गप्प बसायचं.

पन्नाशीच्या बाई, शिवणकाम करतात. उजव्या हाताची बोटं मुठीतून उघडत नाहीत, हळूहळू वाढलेलं. मनगट मात्र वर उचलता येतं, पण उचलताना अंगठ्याच्या बाजूला वाकडं जातं. बोटं मुळापाशी सरळ होत नाहीत, टोकाची पेरं सरळ होतात. बधिरपणा कुठेही नाही. ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा स्नायू) दमदार. नस कोणती, आणि कुठे?

फर्स्ट_इयरवाला

प्रयत्न करतो. बोटं उघडत नाहीत म्हणजे रेडियल नसेचं खानदान. ट्रायसेप्स शाबूत, म्हणून काखेत नाही. दंडाच्या हाडामागे दबली असती तर मनगटच लटकलं असतं, ते उचलतंय. मनगट अंगठ्याकडे झुकवून उचलणाऱ्या स्नायूला शाखा कोपराच्या वरच मिळते, म्हणून तो वाचला. करंगळीकडचा स्नायू गेला, म्हणून वाकडं. बधिरपणा नाही कारण त्वचेची शाखा कोपरापाशीच वेगळी होते. म्हणजे फक्त खोल शाखा, पोस्टेरियर इंटरॉसियस, सुपिनेटर या कोपराजवळच्या स्नायूत शिरते तिथे.

टोकाच्या पेरांचं मात्र कळलं नाही. ती सरळ कशी होतात?

टाचणी

शाब्बास! टोकाची पेरं तळहातातले छोटे स्नायू सरळ करतात, त्यांची नस मुख्यतः अल्नर, आणि ती इथे शाबूत आहे. म्हणून बोटं उघडतात का ते बघताना पेरं बघायची नाहीत, मुळाचा सांधा बघायचा. पेरं बघितली तर वाटतं, बोटं थोडी तरी उघडतायत.

शिवणकामामुळे झालं असेल म्हणून बाईंना घरीच विश्रांती सांगितली होती. हळूहळू वाढत गेलेलं होतं म्हणून मी कोपराच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी करून घ्यायला सांगितली. रेडियस या हाडाच्या मानेपाशी चरबीची गाठ निघाली, नस तिच्यावर ताणलेली. हाताच्या सर्जनकडे पाठवलंय, गाठ काढायची तारीख मिळाली आहे.